मुनग्याच्या रंगाचा टॉवर

काका, उद्या तुमची तेरवी आहे आणि टॉवर अजून उभा आहे. हे आधी सांगते. तुम्ही बाहेरगावाहून आला असतात तर पायातल्या चपला काढण्याआधी तुम्ही हेच विचारलं असतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून दे, असं मला सांगितलं आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून लिहायचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. पण मी हिंदीत शिकले आहे आणि असं काही आधी कधी लिहिलेलं नाही. तुमचा जन्म कुठे झाला, ब्रश पहिल्यांदा कधी हातात धरलात, हे मला माहीत नाही. काकूंना आत्ता विचारायची हिंमत नाही. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की तुम्ही बोर्ड रंगवणारे पेंटर होतात आणि आमचे घरमालक. तुमच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. बाबा समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. तुमचं आणि आमचं मागचं अंगण एकच आहे. मला जे माहीत आहे ते सगळं त्या अंगणातलं आहे. आपल्या गल्लीचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला कारण सांगायची गरज नाही.

सुरुवात चिंचेपासून करते. गल्लीच्या तोंडाशी ती चिंच होती आणि तिच्या सावलीत तुमचं काम चाले. नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे. ज्या ऑफिसचा बोर्ड येई त्याच्यावरचं 'मध्यप्रदेश शासन' खरवडून 'छत्तीसगढ शासन' करायचं, आणि तेही उद्याच्या उद्या. ओले बोर्ड बुंध्याला टेकवून वाळत. बाबा दवाखान्यातून येताना म्हणायचे, लोक म्हणतात राज्य दिल्लीहून आलं, मी तर ते आपल्या गल्लीत वाळताना पाहून राहिलो. मग राजधानी झाली म्हणून रस्ता रुंद करायचा ठरलं, आणि रस्ता रुंद झाला म्हणून चिंच गेली.

त्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. दिवे लागायच्या वेळी ढोलीच्या तोंडाशी एक गोल चेहरा यायचा. पिवळे डोळे, पांढऱ्या भुवया. मान खालीवर करून तो रस्त्याकडे बघत राही. तुम्ही ब्रश धुता धुता म्हणायचात, काउंटर उघडलं, आता बाबूसाहेब अर्ज पाहतीन आन उद्या या म्हणतीन. मी शाळेतून येताना हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते घुबडाच्याच जातीचे आहेत आणि लोक त्यांना भितात, हे खूप उशिरा कळलं.

झाड पडल्यावर ती दोघं विजेच्या तारेवर येऊन बसली. भर दुपारी. कावळे त्यांना टोचत होते आणि ती तिथून हलत नव्हती. खाली झाडच नव्हतं, तरी तिथेच. तुम्ही हातातलं काम सोडून आमच्या दारात आलात. मी तेव्हा नुकतीच बीएस्सीला गेले होते. तुम्ही विचारलंत, "काय वो कॉलेज, झाड नसलं तर पिंगळा कशात राहाते?"

मी म्हटलं की झूऑलॉजीत आमचं आत्तापर्यंत झुरळ आणि बेडूकच झालं आहे.

"म्हणजे उडणाऱ्यापर्यंत पोचल्याच नाई तुम्ही अजून," तुम्ही म्हणालात, आणि तरी जायला निघाला नाहीत. उभेच राहिलात. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्या शिकण्याची कोणाला तरी खरोखर गरज आहे, आणि मला काही येत नाही.

टॉवर तुम्ही त्या दोघांसाठी जुन्या मालातून केलात. सदर बाजारातल्या एका सराफाचा मोठा बोर्ड उतरला होता, त्याच्या जागी फ्लेक्स लागला होता. त्याची लोखंडी चौकट म्हणजे टॉवरचे चार पाय. अंगाला पत्रे जुन्या सरकारी बोर्डांचे, अक्षरं आतल्या बाजूला. वर आंब्याच्या पेटीच्या फळ्यांची खोली, तळाला लाकडाचा भुसा, आणि पुढे एक गोल भोक. बाथरूमची भिंत आणि मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड यांच्यामध्ये तो उभा राहिला, कौलांपेक्षा थोडा उंच. काकूंनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की राघूंसाठी करून राहिलो. काकूंना राघू आवडतात. त्या हिवाळाभर टॉवरच्या पायाशी वाटीत हिरव्या मिरच्या ठेवत होत्या आणि त्या खारी खाऊन जात होत्या. तुम्ही मला डोळ्यांनी खुणावायचात, बोलू नको. मी बोलले नाही.

रंगाच्या वेळी आपलं पहिलं भांडण झालं. भांडण कसलं, मी एक वाक्य बोलले होते. तुम्ही बाथरूमच्या शेवाळलेल्या भिंतीसारखा काळपट तपकिरी रंग कालवला होता, टॉवर भिंतीत विरून जावा म्हणून. मी बराच वेळ डब्याजवळ उभी राहून शेवटी म्हटलं की काका, काळा रंग ऊन ओढतो, आपल्या रायपूरच्या मे महिन्यात आत पिल्लं शिजतील. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि आत गेलात. मी घाबरले. घरमालक आहेत, पेंटर आहेत, आणि मी त्यांना रंग शिकवते. आईनं ऐकल्यावर मला बोलणीही बसली. मग एका सकाळी तुम्ही मुनग्याच्या सालीचा एक तुकडा तळहातावर घेऊन आमच्या खिडकीशी आलात. पांढुरकी, करडी साल. म्हणालात, "हा चालते का तुमच्या सायन्सले?"

चालत होता. फिकट होता आणि मुनग्यात मिसळत होता. मी कोणाला सुचवलेलं पहिल्यांदाच कोणी ऐकलं होतं, ते हे.

पण पुढे तुमचा हातच तुमचं ऐकेना. जन्मभर तुम्ही अक्षराच्या उजव्या अंगाला आणि खाली सावली दिली होती, अक्षर बोर्डातून उठून यावं म्हणून. मुनग्याच्या सालीवरच्या गाठी काढल्यात आणि सवयीनं प्रत्येक गाठीलाही तशीच सावली दिलीत. दुसऱ्या दिवशी आपण मागच्या दारातून पाहिलं तर खरा मुनगा दिसत नव्हता, आणि त्याच्या शेजारी टॉवरवरच्या गाठी जत्रेतल्या बोर्डासारख्या पुढे आल्या होत्या. शिवाय रंग चकचकीत. ऊन पडलं की पितळेच्या भांड्यासारखा चमके. तुम्ही डोक्याला हात लावून पायरीवर बसलात आणि म्हणालात की आजपर्यंत दिसण्याचे पैसे घेतले, न दिसण्याचं काम आपल्याले कोणी देलंच नाई.

मग आपण चुलीची राख ओल्या फडक्यावर घेऊन सगळा टॉवर घासला. तुम्ही वर शिडीवर, मी खाली. चमक गेली, सावल्या पुसट झाल्या, राखेचा रंग सालीत मुरला. संध्याकाळी गल्लीतून चालत जाऊन पाहिलं तेव्हा मला खरंच तो चटकन सापडला नाही. जवळ आल्यावर मात्र खालच्या कोपऱ्यात तुमची सही दिसली, तिरपी, लाल, खाली रेघ ओढलेली. ज्या कामाकडे कोणी बघू नये त्याच्यावर तुम्ही सही केली होती. तुम्हाला ती केल्याचं आठवतही नव्हतं. माझ्या बेडकाच्या चार्टवरही तुम्ही तशीच केली होती. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी यकृताला सावली का दिली आहे असं विचारलं, आणि मग बोट सहीवर ठेवून हे कोणतं इंद्रिय, असं विचारलं. मी हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की काकू बाहेर आल्या. हसून झाल्यावर हळूच विचारलंत, मार्क तर नाई कापले ना. नाही कापले, काका. हे तेव्हाही सांगितलं होतं, पुन्हा सांगते.

दुसरं भांडण खरं होतं आणि ते संपलं नाही.

मला हे लपवणं पटत नव्हतं. चिंच पाडली त्या दिवशी तिथे इतकी माणसं उभी होती, पण झाडात कोणी राहतं हे कोणी बोललं नाही. तुम्हीही नाही. मी तर नाहीच. सांगितलं असतं तर पिल्लांचा हंगाम होईपर्यंत कोणी थांबलं असतं का, हे मला माहीत नाही. पण कोणी सांगितलंच नाही, हे मला टोचत होतं. म्हणून मी म्हणत होते की काकूंना सांगू, शेजारच्या साहू चाचींना सांगू. हा छोटा पक्षी आहे, किडे आणि उंदीर खातो, कोणाच्या मरणाशी त्याचा संबंध नाही. लोकांना समजावलं तर समजेल.

तुम्ही ब्रश केरोसीनमध्ये बुडवत म्हणालात, "सांगून काय होते? अर्धे गोटे मारतीन, अर्धे हात जोडतीन. आन दोन-चार असेही राहातेत, जे दिवाळीच्या आधी पोतं घेऊन येतेत." दिवाळीला लक्ष्मीसाठी काही लोक घुबडाचा बळी देतात, हे मी नंतर कॉलेजात ऐकलं. तेव्हा मला वाटलं की तुम्ही घाबरता आणि भीतीला शहाणपण म्हणता. मी तसं तोंडानं म्हटलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर आलं असेल. तुम्ही म्हणालात की तू परीक्षा दे, मग बोलू.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

पहिल्या वर्षी कोणी आलं नाही. साळुंक्यांनी आत डोकावून पाहिलं आणि गेल्या. तुम्ही रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचात आणि काउंटर बंद आहे, लंच टाइम आहे, असं काहीतरी म्हणायचात, पण तुमच्या बोटांतली विडी विझलेली असायची. मला वाटायचं की राखेचा वास येत असेल. किंवा भोक लहान झालं. किंवा ती दोघं मेलीही असतील. पुस्तकात पाहून तुम्हाला सांगावं तर पुस्तकात एवढंच होतं की झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळीत घरटं करतात. या हिवाळ्यात ती आली. तीच होती की दुसरी, कोण जाणे. तुम्ही आमच्या खिडकीवर टकटक केलीत आणि नुसतं वर बोट दाखवलंत. त्या संध्याकाळी तुम्ही काही विनोद केला नाही.

आणि होळीच्या आसपास तुम्ही शिडीवर चढून फळीला कान लावून उतरलात. म्हणालात, आत शाळा भरली हाय.

त्यानंतरचा आठवडा मी लिहिणार नाही.

पण त्या दिवशीची संध्याकाळ लिहायला हवी. तुम्हाला घेऊन गेले होते. पुरुष माणसं घाटावरून अजून परतली नव्हती. मागच्या अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या, काकू मध्ये. दिवे लागायची वेळ झाली आणि वरून ती ओळखीची चिर्र ऐकू आली. मी मान वर करायच्या आधी सगळ्यांनी केली. भोकात तो चेहरा. त्यानं मान खालीवर केली, सगळ्यांकडे बघितलं. त्याची वेळ झाली होती, त्याला काय ठाऊक.

साहू चाचींनी पदर तोंडाशी नेला. "हाय दाई, घुघवा," त्या म्हणाल्या. छत्तीसगढीत घुबडाला घुघवा म्हणतात. मग दबक्या आवाजात शेजारणीला सांगू लागल्या की काल संध्याकाळी हाच ओरडत होता, मी आपल्या कानांनी ऐकलं, तेव्हाच माझं मन चरकलं होतं. बायका सतरंजीवर मागे सरकल्या. काकूंनी पिंगळ्याकडे एकदाच बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"राघू?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. दुसरं काय करणार होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि माझ्याशी बोलणंही बंद केलं.

विवेक भैया भिलाईहून आले होते. तुमचा मुलगा म्हणून म्हणत नाही, पण ते खरंच समजूतदार आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले की मी हे काही मानत नाही, पण आई झोपून नाही राहिली, खुट्ट झालं की उठून बसते, तिला वाटतं त्यानंच नेलं. दहावं होऊ दे, दुसऱ्या दिवशी गॅस कटरवाल्याला बोलावतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं, आत पिल्लं आहेत. ते म्हणाले, पेटी काढून मुनग्यावर बांधू. मी कॉलेजात जाऊन आमच्या मॅडमना विचारलं की पेटी हलवली तर आईबाप परत येतात का. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, येतीलच असं नाही, शक्यतो हलवू नका. हे मी विवेक भैयांना सांगायला गेले तर ते फोनवर कटरवाल्याशीच बोलत होते. मी दारातून परत फिरले. मी कोण? भाडेकरूची पोरगी. ज्यांच्या घरात मरण झालं आहे त्यांना मी काय सांगणार की तुमची भीती चूक आहे?

दहाव्याला खारून नदीच्या घाटावर आपल्याकडच्या बायका सहसा जात नाहीत. काकू म्हणाल्या, मी येतो. मग आईही निघाली आणि आईबरोबर मी.

पिंड मांडला. सगळे मागे सरले. आणि कावळा येईना. समोरच्या कठड्यावर दोन बसले होते, पाण्याकडे तोंड करून. गुरुजी म्हणाले की काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या. विवेक भैयांनी हात जोडले. आईला भिलाईला घेऊन जाईन. तिचं मन नसलं तर नाही नेणार. रंगाचं सामान विकणार नाही. वर्षश्राद्ध नीट करीन. कावळे बसूनच होते. तुमचे एक जुने मित्र पुढे झाले, खिशातून विडी काढून पिंडाजवळ ठेवली आणि म्हणाले की घे बाबा, आता तरी ऊठ. कोणीतरी हसलं, कोणीतरी डोळे पुसले. ऊन चढत चाललं होतं.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की एका पक्ष्यानं यावं म्हणून आम्ही इतकी माणसं हात जोडून उन्हात उभी आहोत, आणि दुसऱ्या पक्ष्याचं घर कापायला उद्या माणूस येणार आहे. हा विचार आला आणि पुढे काय करायचं हेही कळलं. मी वाकून काकूंच्या कानाशी गेले आणि म्हटलं, काकू, कदाचित टावरचं असेल.

काकूंनी मान वळवली नाही. "मले नको सांगू," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं सांग."

मला वाटलं रागानं म्हणाल्या. तरी मी बोलले. आवाज फाटला. "विवेक भैया, पिंगळ्यांचा टावर पाडणार नाही, असं म्हणा."

घाटावर, दहाव्याच्या दिवशी, पिंडासमोर मी त्या पक्ष्याचं नाव घेतलं. गुरुजी खाकरले. मागे कोणीतरी विचारलं की कोण आहे ही पोट्टी. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून दुखतं. आपल्या गल्लीतले, दोन गल्ल्या पलीकडचे, मंडळातले, सगळे होते. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी शेजारच्याला विचारून घेतलं की कुठला टावर, कोणाच्या अंगणात.

विवेक भैयांनी आईकडे बघितलं. काकूंनी नजर हटवली नाही. मग त्यांनी हात जोडले आणि हळू म्हणाले, "बाबा, टावर नाही पाडत."

कावळा आला नाही, काका.

आम्ही खूप वेळ थांबलो. मी मनातल्या मनात गयावया करत होते आणि मला लाज वाटते की ते तुमच्यासाठी नव्हतं. कावळा यावा आणि माझं बरोबर ठरावं, एवढंच मला हवं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे नदीत हात धुवायला उतरले. तुमच्या मनात काय होतं ते मला अजून माहीत नाही. कदाचित तुमच्या मनात काहीच राहिलं नसेल. कदाचित कावळ्यांना भूक नसेल.

परत येताना टेम्पोत, तेलीबांधा तलावाच्या अलीकडे, विवेक भैया म्हणाले, थकलेल्या आवाजात, की आई, कावळा तर नाही आला ना, म्हणजे बाबांच्या मनात ते नव्हतं. मग कटरवाल्याला कशाला नाही म्हणायचं? तू अशी किती दिवस जागशील?

काकू बाहेर बघत होत्या. "तू शब्द कावळ्याले नाई देला," त्या म्हणाल्या. "बापाले देला."

विवेक भैयांनी तिथेच फोन काढून कटरवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

इथे मला थांबता आलं असतं. टॉवर वाचला. पण तुम्हाला खोटं सांगून काय करू? दहाव्यापासून मला अन्न गोड लागत नाही. साहू चाची मागच्या फाटकातून यायच्या, त्या आता येत नाहीत. समोरून येतात, काकूंना जेवायला घालतात आणि समोरूनच जातात. त्यांचं मी समजू शकते. पण काल दुपारी एक अनोळखी माणूस गल्लीतल्या पोरांना विचारत होता की घुघवावालं घर कोणतं. सायकलवर होता, पायात रबरी बूट. नुसता कुतूहलानं आला असेल. पोरांनी घर दाखवलं. तो थोडा वेळ वर बघत उभा राहिला, त्याला काही दिसलं नसावं, आणि मग गेला. मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण बूट आठवतात.

हे मी केलं. तुम्ही दोन वर्षं जे राख घासून लपवलंत ते मी एका वाक्यात भर घाटावर उघडं केलं. बोलले नसते तर टॉवर दुसऱ्याच दिवशी पडला असता. बोलले म्हणून दिवाळीला काय होईल ते माहीत नाही. मी तुमच्याशी वाद घालत होते की सांगायला हवं, आणि आता सांगून झालं आहे, आणि तुमचं म्हणणं मला थोडं थोडं पटतं आहे. पूर्ण पटलं असं म्हणत नाही. चिंचेतलं घर लपूनच होतं, ते तरी कुठे वाचलं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, काय वो कॉलेज, दोन्हीकडून बोलून राहिली. हो काका. दोन्हीकडून बोलते आहे. मला एकीकडून बोलता येईल तेव्हा परीक्षा झालेली असेल, आणि तुम्ही मग बोलू म्हणाला होतात.

तोपर्यंत जे जमतं ते करतो आहोत. बाबांनी टॉवरच्या पायांना बाभळीचे काटे बांधले आहेत. शिडी आमच्या खोलीत, माझ्या खाटेखाली आहे. विवेक भैयांनी मागच्या फाटकाला कुलूप आणून लावलं, किल्ली काकूंकडे दिली. मी पुस्तक घेऊन दिवे लागेपर्यंत अंगणात बसते. वाचून काही होत नाही. पानं उलटते आणि आवाज मोजल्यासारखे ऐकते. फटफटी, कुत्रं, फाटकाची कडी.

तुमच्याशी बोलायचं राहिलेलं आणखी एक आहे. मी तुम्हाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नाही आणि हिंदीत म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात. आमच्या घरी कोणी मला विचारत नाही की तू काय शिकतेस. विचारलं तरी समजणार नाही असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारायचात. माझं उत्तर चुकलं की चिडवायचात, आणि बरोबर असलं तर झाडाची साल घेऊन खिडकीशी यायचात. एवढंच मला सांगायचं होतं.

काल संध्याकाळी मी बसले होते. मागचं दार उघडलं आणि काकू बसायचा वेताचा मोढा घेऊन बाहेर आल्या. तुम्हाला नेलं त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच अंगणात आल्या. टॉवरकडे पाठ करून बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. मी पुस्तकात डोकं घातलं. वर चिर्र झाली. काकूंचे खांदे आखडले, पण त्या उठल्या नाहीत.

"आले का बाहेर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एक आला काकू, तारेवर जाऊन बसला. दुसरी अजून आत आहे.

"आन पिल्लं?"

"आवाज येऊन राहिला."

काकूंनी पदर अंगाभोवती घेतला. पलीकडच्या रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत. आम्ही दोघी ती दूर जाईपर्यंत ऐकत राहिलो.

"मंग बस," त्या म्हणाल्या. "तिले येऊ दे." आणि त्यांनी मोढा थोडासा वळवला. पूर्ण नाही.